गाऱ्हाणं: देव पावला नाही तर?

भाद्रपदातल्या चतुर्थीच्या दिवशी मुलुंड, घाटकोपर, अंधेरी किंवा बोरिवलीतल्या एखाद्या कोकणी घरात जाऊन उभं राहावं. पूजा आटोपते आणि घरातलं वडीलधारं माणूस गणपतीपुढे येतं. 'बा देवा म्हाराजा' अशी हाक घालून मोठ्यानं बोलायला लागतं. गावच्या ग्रामदेवतेचं नाव घेतलं जातं, कुळदेवाचं घेतलं जातं. मग घरातल्या एकेकाची गोष्ट निघते. कोणाची नोकरी अडली आहे, कोणाचं लग्न जमत नाही, कोणाचं दुखणं हटत नाही. काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, असंही सांगितलं जातं. प्रत्येक वाक्यासरशी मागे उभी असलेली मंडळी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात.

याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रारसुद्धा. देवाकडे मागणं आणि देवाकडे तक्रार करणं या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच शब्द आहे.

पण ज्या आजारी माणसासाठी गेल्या वर्षी गाऱ्हाणं घातलं, तोच यंदा भिंतीवरच्या फोटोत गेलेला असतो. मग त्या ओळीतल्या कोणाच्या तरी तोंडून 'व्हय म्हाराजा' बाहेर पडत नाही. ओठ हलतात, आवाज येत नाही. मनापासून मागितलं, उपास केले, अनवाणी चालत गेलो, तरी मिळालं नाही. आता या देवावर विश्वास ठेवायचा तो कसा? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण बहुतेक वेळा गप्प करतो. आपल्या संतांनी मात्र तो देवाच्या तोंडावर विचारला आहे.

नवसाचा हिशेब

नवसाचा व्यवहार सरळ असतो. अमुक झालं तर तमुक करीन. मागणं असतं, अट असते आणि फेड असते. मुंबईत या व्यवहाराच्या खुणा जागोजागी आहेत. वांद्र्याच्या मोत माऊलीची जत्रा सप्टेंबरात भरते. तिथल्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं आणि घरं मिळतात. ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं, ते मेणाच्या रूपात मातेपुढे ठेवायचं. रांगेत ख्रिस्ती असतात, तसे हिंदूही असतात.

लालबागच्या राजाचा जन्मच नवसातून झाला. पेरू चाळीजवळचा बाजार १९३२ मध्ये बंद पडला. तिथल्या कोळी बांधवांनी आणि छोट्या विक्रेत्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ मध्ये गणपती बसला. पुढे १९६६ मध्ये अंधेरीच्या आझादनगरात, आसपासच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी गणपती बसवला. तोच अंधेरीचा राजा. मुंबईतल्या बहुतेक मोठ्या मंडळांचे गणपती अनंत चतुर्दशीला निघतात, हा मात्र त्यानंतरच्या संकष्टीला निघतो. कारखान्यातला पेच सुटावा म्हणून कामगारांनी तसा नवस बोलला होता आणि पेच सुटला, असं त्यामागचं कारण तिथे सांगितलं जातं.

आता दुसरी बाजू. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. घाटकोपरचे डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते होते. गिरणगावात देवांची वाण नव्हती आणि भक्तांचीही नव्हती. लालबागचा राजा तर अगदी दारात होता. तरी तो संप जिंकला गेला नाही, अधिकृतपणे मागेही घेतला गेला नाही. हजारो घरं बसली. कोणी गावी परतलं, कोणी पुढच्या पिढीसोबत उपनगरांत आलं. ज्या मातीत बाजारासाठीचा नवस फळला, त्याच मातीत पोटासाठीची मागणी रिकामी परत आली. पहिली गोष्ट दर वर्षी मंडपात सांगितली जाते. दुसरी सांगायला मंडप नाही.

ही तफावत माणसाला फार पूर्वी कळली होती. रोमन लेखक सिसेरोनं ग्रीक विचारवंत दियागोरसची एक हकीकत लिहून ठेवली आहे. समुद्रातल्या वादळातून वाचलेल्यांनी देवळात वाहिलेली चित्रं एकानं दियागोरसला दाखवली आणि म्हटलं, बघ, देव भक्तांना कसा तारतो. दियागोरसनं विचारलं, नवस बोलूनही जे बुडाले, त्यांची चित्रं कुठे आहेत? आपल्याकडेही हेच घडतं. फळलेला नवस पेढे वाटतो, न फळलेला नवस घरात बसून राहतो. म्हणून ज्याचं मागणं पुरं झालं नाही, त्याला वाटतं की जगात देव सगळ्यांना पावला, फक्त मलाच नाही. हे एकटेपण खोटं आहे. त्याच्यासारखे असंख्य आहेत, ते बोलत नाहीत इतकंच.

प्रार्थनेचा गुण मोजून पाहण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणार असलेल्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटासाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. या दोन्ही गटांतल्या रुग्णांना फक्त इतकंच सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. तिसऱ्या गटासाठी प्रार्थना झाली आणि तसं त्यांना सांगितलंही गेलं. पहिल्या दोन गटांत गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटात ते ५९ टक्के भरलं. देव आहे की नाही, याचा निकाल या प्रयोगानं लागत नाही. प्रार्थना म्हणजे कळ दाबली आणि दिवा लागला असं काम नाही, एवढं मात्र त्यातून स्वच्छ दिसतं.

डावा कौल

कोकणातल्या देवळांत गाऱ्हाण्याच्या जोडीला कौल असतो. देवाच्या अंगावर उजव्या आणि डाव्या बाजूला पाकळ्या, पानं किंवा तांदूळ लावतात. गुरव देवापुढे प्रश्न मांडतो आणि सगळे टक लावून बसतात. उजवीकडचं आधी सुटलं तर होकार, डावीकडचं सुटलं तर नकार. पाकळी ओलाव्यानं सुटते की देवाच्या मर्जीनं, हा वाद इथे नको. मला या प्रथेतलं एक सूत्र मोलाचं वाटतं. तिच्यात देवाच्या नकाराला जागा आहे. डावा कौल पडला म्हणून देव नाही असं कोणी म्हणत नाही, आणि गाव देवाला सोडून गेला असंही होत नाही. गुरव पुन्हा गाऱ्हाणं घालतो. बोलणं चालू राहतं.

शहरात आल्यावर आपण गाऱ्हाणं आणलं आणि डावा कौल गावी विसरलो. 'नवसाला पावणारा' ही देवाची एकच ओळख फलकावर उरली. ज्याच्याकडून फक्त होकाराचीच अपेक्षा आहे, त्याच्याशी आपलं नातं गिऱ्हाइकाचं असतं. पहिल्याच नकाराला ते तुटतं.

वारकऱ्यांनी यावर फार पूर्वी उपाय शोधला. वारी ही नवसाची गोष्ट नाही, ती नेमाची आहे. पाऊस पडो न पडो, पीक येवो न येवो, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरला जायचं. तुकोबांनी तर नवसावर सडकून टीका केली आहे. नवसानं मुलं होत असती तर लग्न कशाला करायचं, असा रोखठोक सवाल त्यांनी केला. देव मानणाऱ्या, देवासाठी जीव टाकणाऱ्या माणसाचा हा सवाल आहे, हे विसरू नये.

भांडायचा हक्क

संतांच्या गाथा उघडल्या की आधी दिसते ती भक्ती. थोडं थांबून वाचलं की दिसतं भांडण. नामदेव विठोबावर रुसतात, त्याला जाब विचारतात. माझ्या मुलाला तू संसारातून उठवलंस, म्हणून त्यांची आई गोणाई विठोबाशी वाद घालते. जनाबाई तर अरेतुरे करून त्याला घरगुती शिव्या देते. सासरच्या-माहेरच्या माणसावर रागवावं तशी ती देवावर रागावते, आणि तिच्या त्या अभंगांना संप्रदायानं जपून ठेवलं आहे.

चोखोबांच्या घरातली तक्रार याहून जड आहे. ज्या विठ्ठलासाठी आयुष्य वाहिलं, त्याच्या देवळात पाऊल टाकायची त्यांना, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले म्हणून, मुभा नव्हती. त्यांची पत्नी सोयराबाई आणि मुलगा कर्ममेळा हेही अभंग रचत. कर्ममेळ्याची वाणी सगळ्यांत तिखट. आम्हाला या जातीत जन्माला घालून तू काय साधलंस, आम्ही उष्टं खायचं आणि तू पाहत बसायचं, याची तुला लाज कशी वाटत नाही, अशा अर्थानं तो देवाला धारेवर धरतो. मंगळवेढ्याला भिंतीखाली सापडून १३३८ मध्ये चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर आहे, म्हणजे देवळाबाहेरच. त्यांच्या जिवंतपणी डावा कौल उजवा झाला नाही.

तो पुढे झाला, तो माणसांच्या हातून. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केलं आणि दहाएक दिवसांनी विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुलं करायचं मान्य झालं. मधे सहाशे वर्षं गेली होती. काही प्रार्थनांचं उत्तर आकाशातून येत नाही. माणसांनी ते द्यायचं असतं आणि आपण ते देवावर ढकलून मोकळे होतो.

श्रद्धा आणि संशय यांची गाठ सगळ्यांत उघडपणे दिसते ती तुकोबांच्या आयुष्यात. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. घरात सावकारी, व्यापार आणि विठोबाची पिढीजात भक्ती होती. या सगळ्याचा काही उपयोग झाला नाही. धंदा बुडाला, पत गेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे कोणा चरित्रकारानं रंगवलेलं नाही, तुकोबांनी स्वतःच आपल्या एका अभंगात क्रमानं सांगितलं आहे. तो अभंग वाचताना जाणवतं की त्यात देवाचा बचाव नाही. दुःखाची लाज वाटली, हे तिथे कबूल केलेलं आहे. पुढे ते सांगतात की गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. देवानं काही दिलं नव्हतं, उलट नेलं होतं. अशा वेळी त्यांनी देवाचं पडकं घर सावरलं.

मग दुसरी परीक्षा आली. शूद्रानं वेदांताचा अर्थ सांगू नये, असा आक्षेप घेऊन त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तुकोबा नदीकाठी अन्नपाणी सोडून बसले. तेरा दिवस झाले तरी तू येत नाहीस, अशी थेट मोजणी त्यांच्या अभंगात आहे. वह्या तरल्या, असं परंपरा सांगते. तो चमत्कार कोणी मानावा, कोणी मानू नये. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती नंतरची गोष्ट. मागितलेलं मिळाल्यावर तुकोबा विजय मिरवत नाहीत. मी तुझा अंत पाहिला, हट्ट करून तुला त्रास दिला, हा माझा अन्याय झाला, असं ते देवाला म्हणतात.

हे नातं हिशेबाचं राहिलेलं नाही. तेरा दिवस धरणं धरायचा हक्क त्यात आहे, आणि ते उठवल्यावर समोरच्याच्या शिणाची काळजीही आहे. विश्वास ठेवणं म्हणजे मनात शंका न येऊ देणं, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं जातं. गाथा वेगळं सांगतात. शंका आली तर ती कोणाला सांगायची, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा विश्वास शाबूत आहे.

जे उठून गेले

सगळेच थांबले नाहीत, आणि न थांबणाऱ्यांना कमी लेखायचा अधिकार कोणालाही नाही. पंडिता रमाबाईंचं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडलं. होतं नव्हतं ते देवाधर्मात खर्च झालं आणि १८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण उपासमारीनं गेली. सांगितलेलं सगळं केलं, तरी हे का, या प्रश्नातून त्यांचा जुन्या कर्मकांडावरचा विश्वास उडाला. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथेही शंका लगेच मिटल्या नाहीत, मनाला ठाव सापडायला आणखी काही वर्षं लागली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो उपाशी मुलींना केडगावला आणून जगवलं. भुकेनं हिरावलेल्या घराचं उत्तर त्यांनी इतरांच्या ताटात वाढलं.

बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंच्या साथीनं बुद्धाची वाट धरली. बंद दाराशी आयुष्यभर उभं राहणं हीच श्रद्धा, असं म्हणता येत नाही. दार बंद ठेवणारी माणसं असतील, तर त्यांच्याकडे पाठ फिरवणं हाही स्वाभिमानी विवेक आहे.

मन काय सांगतं

संकटात माणूस धर्माचा आधार कसा घेतो, यावर मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी बरंच काम केलं आहे. २००१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५५ वर्षांवरच्या सुमारे ६०० आजारी माणसांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. देवानं मला टाकलं, देवाचं माझ्यावर प्रेम नाही, अशा भावनेशी झगडणाऱ्यांत त्या काळात मृत्यूचा धोका थोडा जास्त आढळला. शंका आली म्हणून माणूस मरतो, असा याचा अर्थ नाही. टाकून दिल्याच्या भावनेशी झगडणं शरीरालाही जड जाऊ शकतं, हे त्यातून ध्यानात घ्यायचं.

मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपानं आली, तेव्हा जग चकित झालं. देव जवळ नाही, आत फक्त अंधार आहे, ही भावना त्यांच्यासोबत कित्येक दशकं होती. तरी सेवेचं काम एक दिवस थांबलं नाही. वांद्रे-अंधेरी-बोरिवलीच्या चर्चमधून बायबलमधल्या ज्या १५० स्तोत्रांतून पठण होतं, त्यांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, देवाला 'कुठे आहेस' असं विचारणारी. मुसलमान घरांत हजरत अय्यूबांच्या सबुरीची गोष्ट सांगतात. ती गोष्ट यहुदी-ख्रिस्ती ग्रंथात ईयोब या नावानं आहे, आणि तिथे ईयोब देवाकडे स्पष्ट जाब मागतो.

ईयोबाच्या गोष्टीत एक शहाणपणाचा धडा आहे. त्याची मुलं, संपत्ती, प्रकृती सगळं गेल्यावर तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री काही न बोलता जमिनीवर बसून राहतात. तोवर ते खरे मित्र असतात. नंतर ते बोलायला लागतात, तुझंच काही चुकलं असेल म्हणतात, आणि सगळं बिघडतं. शेवटी देवही त्या मित्रांवरच रागावतो.

आपल्याकडेही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून डबा येतो. ही रीत फार चांगली आहे, चाळीतून टॉवरमध्ये आल्यावरही ती सोडू नये. सोडायची आहेत ती डब्यासोबत येणारी वाक्यं. 'देवाचं काहीतरी करायचं राहून गेलं असेल.' 'तुमची श्रद्धा कमी पडली.' 'तो परीक्षा पाहतो.' मूल गमावलेल्या आईला हे सांगणं क्रूर आहे. याच फटीतून भोंदू बाबा घरात शिरतो. नवस फळला नाही, कारण विधी अपुरा राहिला, आता हा मोठा विधी कर, इतके पैसे आण. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचलं, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात आला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, असं सांगणारा माणूस देवाचा नसतो.

ज्याचं मागणं पुरं झालं नाही, त्याला माझं सांगणं एवढंच आहे. राग आला असेल तर तो देवालाच सांगा, गोणाईनं आणि जनाबाईनं सांगितला तसा. एखादं वर्ष हात जोडवत नसतील तर जोडू नका. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर डॉक्टरकडे जा. जमेल तेव्हा जवळचं एखादं पडकं देऊळ शोधा, ते एखाद्या माणसाच्या रूपातही असू शकेल, आणि ते सावरायला हात लावा.

आणि यंदा गणपतीपुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. ओळीत कोणी गप्प उभं असेल तर त्याला टोकू नका. नोकरी, लग्न, तब्येत यांच्या मागण्यांत एक वाक्य त्याच्यासाठीही घाला. म्हाराजा, गेल्या साली या लेकरानं जे मागितलं, ते तू दिलं नाहीस, आणि ते आम्ही विसरलेलो नाही. हे गाऱ्हाणंच आहे, देवापुढे घालायलाच हवं. त्यावर सगळ्यांनी मोठ्यानं म्हणावं, व्हय म्हाराजा.